सिमिलर म्हणजे किती कमी?

साहेब म्हणाले, "तुझं काम सिमिलर आहे, सेम नाही."

कायम कामगाराएवढा पगार मागायला गेलो होतो. तेच रिंगफ्रेम, तोच तुटका धागा सांधायचा, तीच पाळी. फरक एवढाच, माझं नाव कंत्राटदाराच्या वहीत. इंग्रजी मला शाळेनं दिलं नाही, रद्दीतल्या डिक्शनरीनं दिलं. मांजरी स्टेशनात बाकड्यावर बसून शब्द काढला. सिमिलर : सारखा. सेम : तोच, सारखा. आता बोला!

दोस्तांनो, आपल्या मराठीत एका 'सारखा'त सगळं खपतं. मतं मागायला येतात तेव्हा आपण सगळे सारखे. अन् मी पाच वर्षं सारखा कंत्राटी. हेही सारखंच की!

भूमितीत मात्र ही लबाडी चालत नाही. तिथं समरूप त्रिकोण वेगळे, एकरूप वेगळे. कोन जुळले की समरूप. एक नखाएवढा असंल, दुसरा शेताएवढा, तरी समरूप. साहेबाला हाच सिमिलर पाहिजे. पण थांबा. समरूपातसुद्धा लहान व्हायचं तर तिन्ही बाजू एकाच प्रमाणात लहान होतात. माझी पाळी आठ तासांचीच, कापूस छातीत जातो तो तेवढाच, पगार तेवढा निम्मा. हा कुठला त्रिकोण?

कायद्याला हा शब्द नवा नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, त्याखालचे केंद्राचे १९७१ चे नियम. त्यात होतं, की कंत्राटदाराचा माणूस मूळ मालकाच्या कामगाराचं 'सेम ऑर सिमिलर' काम करत असेल तर पगार, सुट्ट्या, तास त्याच्याइतकेच. नोव्हेंबर २०२५ ला नव्या संहिता आल्या, तो कायदा गेला. शब्दाचा अर्थ काही रद्द झालेला नाही. लिहिणाऱ्यानं सिमिलर लिहिला तो दार उघडायला. साहेबानं त्याचीच कडी केली.

आमच्या माणसांना ही कडी जुनी. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, त्याला आमची थुंकी लागली की विटाळ! कामगार तेवढा एक, असं ओरडणारेही त्याच खात्यात होते. दारावर कुणी हात ठेवला नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, आमच्या लोकांना विणकामात घ्या म्हणून. एकजुटीत फूट पाडतात, असं तेव्हाही म्हणणारे निघाले. एकजूट चालत होती, थुंकी सिमिलर चालत नव्हती.

आता मला कुणी 'आपण सारखेच रे' म्हणून खांद्यावर हात टाकला की मी विचारतो, किती? पैशात सांग.

अर्ज पुन्हा लिहिलाय. सिमिलरखाली लाल रेघ मारलीय. सोमवारी पहिल्या पाळीला देणार, अन् पोच घेतल्याबिगर उठणार नाही.