प्रतीकाआधीची आगगाडी

आमचे एक सहकारी वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी आगगाडीत बसतात. कुठे जायचे असते म्हणून नव्हे. बसायचे असते म्हणून. त्यातही त्यांची अट असते, की गाडी इंजिनाने ओढलेली हवी. लोकल किंवा वंदे भारत त्यांच्या लेखी मोजली जात नाही, कारण तिच्या मोटरी डब्यांखालीच असतात. वेगळे काढून दाखवता येईल असे इंजिन तिला नसते. प्राध्यापक-कक्षात या छंदाची थट्टा होते आणि त्या थट्टेत मराठी विभागाचा, म्हणजे आमचा, वाटा मोठा आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघे त्यांच्याबरोबर गेलो, तेही खरे सांगायचे तर थट्टेला नवे खाद्य मिळावे म्हणून. परतलो ते स्वतःच्या अध्यापनाविषयी बरेचसे अस्वस्थ होऊन. प्रस्तुत टिपण त्या अस्वस्थतेचे आहे.

सकाळी डेक्कन क्वीनने दादरला उतरलो, दुपारी सिंहगड एक्स्प्रेसने परत निघालो. एवढाच प्रवास. पुणे स्थानकात ते आम्हांला आधी फलाटाच्या टोकाला घेऊन गेले आणि इंजिनावरची अक्षरे वाचायला लावली. 'डब्ल्यू' म्हणजे रुंद रूळमार्ग, 'ए' म्हणजे ए.सी. वीजप्रवाह, 'पी' म्हणजे प्रवासी गाडीसाठी, आणि ७ हा प्रकाराचा क्रमांक. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात एकेकाळी १५०० व्होल्ट डी.सी. प्रवाह होता, तेव्हा 'ए'च्या जागी 'सी' असे. १९२५ साली मुंबईत सुरू झालेला तो प्रवाह टप्प्याटप्प्याने हटत २०१६ साली मध्य रेल्वेवरून पूर्णपणे गेला. एका अक्षराच्या बदलात नव्वद वर्षांचा इतिहास मावतो, हे आम्हां अक्षरांच्या माणसांना हिशेबाच्या शिक्षकाने सांगितले.

खरा धडा कर्जतला मिळाला. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर. पण बोरघाटाची चढण १ : ३७ इतकी आहे, म्हणजे दर ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. पुढचे इंजिन एकटे ती चढण चढवू शकत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. ती घाटभर मागून ढकलतात आणि लोणावळ्याला सुटतात. आम्ही पंचवीस वर्षे या मार्गाने ये-जा करतो. कर्जतचा वडा आम्हांला पाठ आहे. पण तो वडा खाण्यापुरती गाडी तिथे का थांबते, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. मागून हलकासा धक्का बसला तेव्हा आमचे सहकारी एवढेच म्हणाले, "सर, लागले."

आता आमचा कबुलीजबाब. 'येथे रेल्वे हे गतिमान व यांत्रिक आधुनिकतेचे प्रतीक आहे' हे वाक्य आम्ही दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचतो आणि गुण देतो. ते विद्यार्थ्यांना कोणी दिले? आम्हीच. कवितेत आगगाडी आली की आम्ही तिला फलाटावर उभीदेखील राहू देत नाही. लगेच तिचे प्रतीक करतो. ती चढावर आहे की उतारावर, वाफेवर चालते की विजेवर, लेखकाने शिटी ऐकली की रुळांचा खडखडाट, हे विचारण्याची गरज आम्हांला वाटत नाही. आमच्या मते मराठी समीक्षेला जडलेली ही जुनीच खोड आहे : वस्तू पाहण्याआधी तिचा अर्थ सांगून मोकळे होणे.

मराठी भाषेची रीत मात्र अशी नव्हती. 'आगगाडी' हा शब्दच पाहावा. ज्याने तो घडवला त्याने आधी आग पाहिली. जात्यावरच्या ओव्यांत आगीनगाडी आली ती तिच्या धुरासकट आली. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये रेल्वे येते ती पाहिलेली, न्याहाळलेली वस्तू म्हणून. बोरघाटातून गाडी सुरू झाली तीही १८६३ सालीच. पुढे १९२८च्या सुमारास या घाटात मालगाड्यांसाठी लांब नाकाडाची विजेची इंजिने आली. जगभर त्या घडणीच्या इंजिनांना मगर म्हणतात. आपल्या घाटातल्या कामगारांनी त्यांना 'खेकडा' म्हटले. प्रतिमा आमच्याकडेही जन्मते, पण ती आधी यंत्राकडे डोळे भरून पाहणाऱ्याच्या तोंडी जन्मते. त्या अनाम प्रतिभेची नोंद आमच्या अभ्यासक्रमात कुठे आहे?

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. यंत्राच्या तपशिलात रमणारा माणूस माणसांना विसरतो. बोरघाटाच्या बांधकामात पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. पण आम्हांला त्या मजुरांविषयी घाटात सांगितले ते आमच्या सहकाऱ्यांनीच. १८५९ साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्याची पत्नी अॅलिस हिने ते काम पुढे नेले, हेही त्यांनीच. बोगद्याची लांबी ज्याला ठाऊक असते, त्याला तो कोणी खणला हा प्रश्न केव्हातरी पडतो. 'यांत्रिक आधुनिकता' म्हणून जो मोकळा होतो, त्याला बोगदाच दिसत नाही. मग मजूर कुठून दिसणार?

दुसरेही मान्य केले पाहिजे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत हाच घाट बँकरशिवाय चढते. प्रवाशाच्या दृष्टीने हे उत्तमच. ती बंद करा असे आमचे सहकारीही म्हणत नाहीत. त्यांची हळहळ निराळी आहे. कर्जतला गाडी थांबायची तेव्हा निदान लहान मुले तरी विचारायची, की मागे इंजिन कशाला? पुढे हळूहळू ती विचारणार नाहीत. चढण तेवढीच राहील. ती चढण आहे हे मात्र कोणाला जाणवणार नाही.

येत्या सत्रात आगगाडीची एक कविता आम्हांला शिकवायची आहे. पहिल्या तासाला अर्थ सांगायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. ही गाडी कुठली, कोणत्या वेळची, तिला कोण ओढते आहे, एवढेच विचारू. उत्तर आम्हांलाही ठाऊक नसेल तर वाणिज्य शाखेत जाऊन विचारून येऊ.