बहुमत नव्हे, सहमती

कार्यकर्ता मतभेदामुळे दुरावत नाही. आपले म्हणणे कुणी ऐकूनच घेतले नाही, या शल्याने दुरावतो. बहुमताने ठराव संमत होतो, पण ज्यांचे मत डावलले गेले त्यांचे मन कामातून उठते आणि सारा भार मोजक्यांच्या खांद्यावर येतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने निराळा मार्ग अनुसरला. तेथे अभ्यासगट विषयाचा साधकबाधक विचार करतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा पुढे चालू राहते. याच एकजुटीच्या बळावर २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या पद्धतीत विलंब होतो खरा. परंतु सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय तडीस नेताना कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आपल्या समित्यांनी हे धैर्य अंगी बाणवावे.