आकडा, अंगलक्षणे आणि रोजा

मधुमेही रोजेदारासाठी असरनंतरचा, इफ्तारपूर्वीचा तास सर्वांत नाजूक. दिवसभराच्या उपवासाने साखर उतरलेली असते आणि घरात फळे चिरणे, खजूर मांडणे सुरू असते. त्याच हातांनी ग्लुकोमीटर उचलला, तर बोटाला लागलेला फळाचा रस आकडा फुगवतो. साखर घसरलेली असूनही यंत्र 'ठीक' सांगते आणि माणूस मगरिबच्या अजानपर्यंत थांबतो. साबणाने हात धुऊन कोरडे करणे, एवढ्यानेच हा धोका टळतो.

भंडारदऱ्यासारख्या गावात तर हे अधिकच महत्त्वाचे. धरणाकाठच्या वस्त्यांवरून राजूर-अकोले गाठेपर्यंत वेळ जातो. तोवर घरचे यंत्रच आधार. पण तो आधार किती पक्का? 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 पैकी 95 आकडे ठरलेल्या मर्यादेत असावे लागतात: साखर 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅम, त्यावर असेल तर 15 टक्के इकडेतिकडे. म्हणजे चांगल्या यंत्रावर 78 दिसले, तरी खरी साखर 65 असू शकते. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेल्यास रोजा सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणून सत्तरीतला आकडा निर्धास्त करणारा नाही. घाम, थरथर, भोवळ आली, तर आकडा काहीही म्हणो, लगेच साखर खावी.

घाटमाथ्याच्या पावसाळी दमटपणात झाकण उघडे राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या बिघडतात. मुदत संपलेल्या पट्ट्याही नकोत. रक्तक्षय असलेल्यांना आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी घरच्या यंत्रावर तपासून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. इन्शुलिन, गोळ्यांचा हिशेब रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

बोट टोचल्याने रोजा तुटतो, या समजुतीने अनेकजण तपासणीच टाळतात. तपासणीच्या थेंबभर रक्ताने रोजा तुटत नाही, असेच उलेमा सांगतात. सूरह बकराच्या 184 व 185 व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे: सुटलेले रोजे नंतर पुरे करावेत. ती सवलत घेणे ही श्रद्धेतली उणीव नव्हे.

एकादशी किंवा नवरात्राचा उपवास करणाऱ्या शेजाऱ्याच्या घरीही हेच यंत्र असते. त्याच्या मर्यादा दोन्ही घरांनी एकमेकांना सांगाव्यात. संध्याकाळी कुणी मलूल दिसले, तर आधी साखरपाणी द्यावे आणि मग आकडा पाहावा.