पंख्याला तेरा वर्षं उशीर

"वीज वाचवा" असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः एसीत बसलेला असतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे. (हसू नका, तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.) १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या सुमाराला पोस्टरं लागतात, शाळांमधून चित्रकला स्पर्धा होतात, कुणीतरी साहेब येऊन भाषण करतात. खोलीबाहेर जाताना दिवा बंद करा. पंखा बंद करा. वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे. टाळ्या, चहा, बिस्किटं, संपलं.

हे सगळं ऐकून घ्यायला समोर कोण असतं? नागावची आमची आत्या, किंवा तिच्यासारखंच कुणीतरी. आत्यानं उभ्या जन्मात रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवलेला नाही. आपण पाणी प्यायला उठलो तरी मागून खट्कन बटण बंद झाल्याचा आवाज येतो. (नात्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना तो आवाज आत्ताही ऐकू आला असेल.) परवा तिला सहज या बचतीच्या मोहिमांबद्दल विचारलं, तर म्हणाली, "अरे, आम्ही वाचवायला शिल्लक काय ठेवलंय?"

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. आपल्या देशात ऊर्जा संवर्धनाचा कायदा आहे, त्यात चांगल्या तरतुदी आहेत, त्यातल्या काहींनी खरंच काम केलेलं आहे. पण कायद्याचा जोर एकीकडे आणि उपदेशाचा जोर दुसरीकडे, असा हा सगळा व्यवहार आहे. ज्यांच्याकडे मोठी यंत्रं आहेत त्यांना कायद्याचा फायदा आधी मिळाला. ज्यांच्याकडे एक पंखा आणि एक पंप आहे, त्यांच्या वाट्याला सुविचार आले.

आता जरा तपशिलात जाऊ.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि १ मार्च २००२ पासून लागू झाला. त्याच दिवशी ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे आपण ज्याला बीईई म्हणतो ते, अस्तित्वात आलं. २००१ हे साल कोकणातल्या माणसाला वेगळ्या कारणानं लक्षात असतं: त्याच वर्षी गुहागरचा एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प बंद पडला. वीज कमी म्हणून महागडा प्रकल्प आणला, त्याची वीज परवडेना म्हणून तो थांबला, आणि पुढे राज्यभर भारनियमन. त्या भारनियमनाची आठवण इथे कुणाला करून द्यायला नको. रेवस-मांडव्याच्या किनाऱ्यावर काळोखात उभं राहिलं की समोर खाडीपलीकडे मुंबईचा उजेड आभाळाला लागलेला दिसायचा. मुंबईला भारनियमन नव्हतं. आणि गंमत बघा, रायगडातलंच खोपोलीचं वीजघर १९१५ पासून आणि भिऱ्याचं १९२७ पासून मुंबईसाठी वीज करतंय. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याला वीज देऊन कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. पाणी आमच्या दारावरून जायचं, वीज मात्र पलीकडे. असो, विषयांतर झालं. पण काटकसरीचं व्याख्यान कुणाला द्यायचं याचा विचार करताना हे लक्षात असलेलं बरं.

तर कायदा. पहिल्या पाच वर्षांत कुणालाही दंड होणार नाही अशी सोय कायद्यातच लिहून ठेवलेली होती. आणि पाच वर्षांनंतरचा दंड किती, तर एका चुकीला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. एखाद्या पोलाद कारखान्याला दहा हजार म्हणजे एका दुपारच्या चहापाण्याचे पैसे. २०१० च्या दुरुस्तीत ही मर्यादा दहा लाखांवर नेली, तेव्हा कुठे त्या कायद्याला थोडे दात आले.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र हे काम पुढे बऱ्यापैकी झालं, आणि ते मान्य करायला माझी हरकत नाही. २०१२ पासून 'पॅट' नावाची योजना सुरू झाली. खतं, पोलाद, सिमेंट, औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतले ४७८ मोठे कारखाने निवडले. प्रत्येकाला सांगितलं की एक टन माल करायला तू आज इतकी ऊर्जा जाळतोस, तीन वर्षांत ती अमुक इतकी कमी कर. जास्त वाचवलीस तर प्रमाणपत्रं मिळतील, ती वीक. कमी पडलास तर विकत घे. पहिल्या फेरीत ठरवल्यापेक्षा जास्तच बचत झाली. आमच्या किनाऱ्यावर थळचा खत कारखाना आहे, डोलवीचा पोलाद कारखाना आहे. अशा ठिकाणी युरियाचा टन किंवा पोलादाचा टन करायला किती ऊर्जा लागली हे मोजलं जातं, तपासलं जातं, त्यावर पैशाचा हिशेब होतो. तिथे कुणी व्यवस्थापकाला "बाहेर जाताना भट्टी बंद करा" असं पोस्टर देत नाही. मोजमाप, लक्ष्य, दंड, बाजार. म्हणजे काय केल्यावर काम होतं हे सरकारला चांगलं ठाऊक आहे!

मग घरातल्या वस्तूंचं काय? तिथे आले तारे. २००६ साली फ्रिज, एसी वगैरेंवर ताऱ्यांची पट्टी लावायची योजना निघाली. सुरुवातीला ऐच्छिक. जानेवारी २०१० पासून काही वस्तूंना ती सक्तीची झाली: एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि वितरणाचे ट्रान्सफॉर्मर. फ्रॉस्ट-फ्री म्हणजे तो मोठा, दोन दारांचा. आत्याकडे आहे तो एका दाराचा साधा फ्रिज, त्याच्यावरची सक्ती नंतर काही वर्षांनी आली. आणि छताचा पंखा? जो या देशात वीज पोचलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे, तो? त्याच्यावर तारे सक्तीचे झाले जानेवारी २०२३ मध्ये.

एसीला २०१०, पंख्याला २०२३. तेरा वर्षं. कायदा झाल्यापासून मोजली तर एकवीस!

यावर एक उत्तर तयार असतं, की एसी जास्त वीज खातो म्हणून आधी एसी. दीड टनी साधा एसी भरात चालतो तेव्हा साधारण वीस जुन्या पंख्यांइतकी वीज खेचतो, हे खरंच आहे. पण एसीच्या घरात पंखाही असतो, आणि एसी नसलेल्या घरात फक्त पंखाच असतो. इथल्या दमट हवेत मार्च ते जून तो दिवसरात्र फिरतो, पावसाळ्यात कपडे वाळवायला फिरतो, ऑक्टोबरात तर विचारूच नका. जुना साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला बारा तास धरले तर वर्षाला एका पंख्यामागे जवळजवळ दोनशे युनिट. घरात दोन पंखे असे चालत असतील तर चारशे. युनिटला आठ रुपये जरी धरले तरी तीन हजारांच्या वर रक्कम होते.

आता पोस्टरवरचा उपदेश मोजून बघा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज एक तास कमी लावला तर वर्षाला वाचतात तीन युनिट आणि वर थोडी चिल्लर. आत्याच्या खटाखट बटणांची सगळी बेरीज केली तरी तिच्या डोक्यावरच्या पंख्याची बरोबरी होणार नाही. पंखा किती वॅटचा हे तिनं ठरवलेलं नाही. दुकानात जो होता तो तिनं घेतला. दुकानात कोणता पंखा असावा हे ठरवायचं काम कायद्याचं होतं.

मला माहीत आहे, आता प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी लिहिणार, "लोकांनाच स्वस्त पंखा हवा असतो, कायदा काय करणार?" त्यांच्यासाठी दिव्याची गोष्ट. २०१४ साली सरकारी कंपनी ईईएसएल एक एलईडी दिवा ३१० रुपयांना खरेदी करत होती. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी दिव्यांच्या एकगठ्ठा निविदा निघाल्या, आणि २०१६ मध्ये तोच खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त दिवे गेले. लोक काय रातोरात देशभक्त झाले? वस्तू चांगली होती, स्वस्त झाली, लोकांनी रांगा लावून घेतली. सुविचार एकही लागला नाही.

पंख्याचंही हे सुचलं नव्हतं असं नाही. एन्रॉनच्या कराराचा हिशेब लोकांपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या 'प्रयास'मधल्या मंडळींनी, त्यात कै. गिरीश संत, फार आधीपासून हे लावून धरलं होतं की अतिकार्यक्षम उपकरणांसाठी थेट कारखानदाराला मदत द्या, म्हणजे दुकानातला भावच खाली येईल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत पंख्यांसाठी तसा कार्यक्रम आखलाही गेला. ३५ वॅटचा पंखा हे उद्दिष्ट. तो पंखा योजनेतून बाजारात पोचलाच नाही. २०२३ च्या अखेरीला ईईएसएलनं एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला, चांगलं झालं, पण मधली वर्षं कोण भरून देणार? त्या वर्षांत विकत घेतलेले ७५ वॅटचे पंखे अजून फिरताहेत, आणि पंखा काही दोन-तीन वर्षांत मोडीत जात नाही. शिवाय २०२३ ची सक्ती आहे ती पट्टी लावण्याची. एका ताऱ्याचा पंखाही कायदेशीरच आहे.

वाडीतल्या पंपाची कथा तर याहून वाईट. चौल, रेवदंडा, नागाव इथल्या वाड्या एकेकाळी रहाटावर शिंपल्या जायच्या. आता पंप आहेत. मोटर जळते, वाइंडिंग करून आणली जाते, पुन्हा जळते, पुन्हा वाइंडिंग. दर वेळी तिची कार्यक्षमता थोडी खाली येऊ शकते, आणि पाणी तेवढंच काढायला वीज जास्त जाते. शेतीपंपांचे तारे आले तेही ऐच्छिक म्हणून. मंगळवेढ्याला जुने पंप बदलून देण्याचा एक पथदर्शी प्रकल्प झाला होता, तो पथ पोफळीच्या वाडीपर्यंत काही आला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत वाड्या झोपवल्या, खांब पाडले, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. एवढे पंप आणि तारा नव्यानं उभ्या करायच्या होत्या, तर तेव्हाच चांगले पंप देता आले असते.

आणि याच किनाऱ्यावर दुसरीकडे काय चाललंय? २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला. किहीम, आवास, नागाव, काशीद, जिकडे बघावं तिकडे शनिवार-रविवारचे बंगले. काचेच्या भिंती पश्चिमेकडे तोंड करून (सूर्यास्त दिसायला हवा ना!), आणि मग त्या तापलेल्या काचेशी झुंजायला प्रत्येक खोलीत एसी. शिवाय तलावाचा पंप. आत्याच्या घराला कौलं, पडवी आणि मागे पोफळीची सावली. ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता तिला न वाचताच पाठ आहे. ज्यांना ती लागू व्हायला हवी ते मात्र तिच्या बाहेर. कारण इमारतींचा नियम लागू होतो तो १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी यांच्या वर. २००१ च्या मूळ कायद्यात तर हा आकडा ५०० किलोवॅट होता, आणि तोही फक्त व्यापारी इमारतींसाठी. २०२२ च्या दुरुस्तीनं निवासी इमारती आत घेतल्या, पण आकडा शंभरचाच. पाच-सहा एसींचा बंगला वीस-पंचवीस किलोवॅटमध्ये बसतो. म्हणजे मोकळा.

पण त्याच दुरुस्तीत एक कलम आहे ज्याच्याबद्दल कुणी भाषण करत नाही: ही मर्यादा खाली आणायचा अधिकार राज्य सरकारला आहे. दिल्लीला जायला नको, मंत्रालयात होईल. बंगल्याच्या नकाशाला परवानगी देताना भिंत, काच आणि छप्पर बघा, सही त्यानंतर करा. आणि जिल्ह्यातल्या शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं इथले पंखे एकगठ्ठा निविदा काढून बदला, दिव्यांचे बदलले तसे. विद्यार्थ्यांसाठी ऊर्जा संवर्धनाची राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा बीईई २००५ पासून घेतं. पुढच्या वेळी साहेब पाहुणे म्हणून येतील तेव्हा कुणीतरी त्यांना स्टुलावर चढून वर्गातल्या पंख्यावर किती वॅट लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा.