शिधा आजचा, शिरगणती २०११ ची

केंद्राच्या कल्याणकारी खर्चातील कोणत्या राज्याला किती वाटा मिळावा, या वादात चर्चा बहुधा वित्त आयोगाच्या टक्केवारीपाशी येऊन थांबते. त्या टक्केवारीने राज्यांच्या तिजोरीचे गणित ठरते. रेशनच्या धान्याचा कोटा मात्र थेट गरिबाच्या ताटाशी जोडलेला आहे आणि त्याच्या वाटपातील अन्यायाची चर्चा क्वचितच होते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये संमत झाला. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्य पोहोचविण्याची हमी त्याने दिली. २०११ च्या जनगणनेनुसार ही संख्या सुमारे ८१ कोटी ३५ लाख झाली. प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. जानेवारी २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी या योजनेचा अंदाजित खर्च सुमारे ११ लाख ८० हजार कोटी रुपये आहे. एवढ्या मोठ्या खर्चाची विभागणी ज्या लोकसंख्येवर बेतली आहे, ती मात्र २०११ सालची आहे.

राज्यवार मर्यादा ठरविताना २०११-१२ च्या उपभोग खर्च पाहणीचा आधार घेण्यात आला. त्यामुळे बिहारमध्ये ग्रामीण भागातील सुमारे ८५ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ७५ टक्के लोक कायद्याच्या कक्षेत आले. महाराष्ट्रासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७६ आणि ४५ टक्के ठरले, तर केरळसाठी सुमारे ५३ आणि ४० टक्के. गरीब राज्याला अधिक वाटा मिळावा, हे तत्त्व न्याय्यच आहे. त्याविषयी महाराष्ट्राने वा केरळने कुरकुर करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो हे प्रमाण आणि त्यातून निघालेली लाभार्थींची संख्या गोठवून ठेवण्याला.

महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे सात कोटींवर बांधलेला आहे. दरम्यान मुले जन्मली, कुटुंबे विभक्त झाली, गावे शहरांना जोडली गेली. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली असताना ६७ टक्क्यांचे मूळ प्रमाण लावले, तर ढोबळ हिशेबाने आणखी १२ कोटींहून अधिक लोक पात्र ठरू शकतात. शहरीकरण वाढल्याने हा आकडा काहीसा कमी भरेल, हे खरे. पण त्यातूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. खेड्यातून शहराच्या झोपडपट्टीत आलेल्या मजुराची गरिबी केवळ पत्ता बदलल्याने कमी होते काय?

‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. बिहारचा मजूर आता मुंबईत धान्य उचलू शकतो, ही सोय मोलाची आहे. मात्र ज्याचे नाव कोणत्याच शिधापत्रिकेवर नाही, त्याला तिचा उपयोग नाही. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झालेल्या, परंतु शिधापत्रिका नसलेल्या सुमारे आठ कोटी कामगारांना ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले. इष्टांक संपला की राज्यांपुढे दोनच मार्ग उरतात: गरजूंना थांबविणे किंवा स्वतःच्या तिजोरीतून खर्च करणे. तमिळनाडू स्वतःच्या खर्चाने सार्वत्रिक रेशन चालवतो. महाराष्ट्रानेही मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. ज्या राज्याच्या तिजोरीला हे झेपत नाही, तेथील गरिबाने काय करायचे?

अपात्रांच्या शिधापत्रिका रद्द करून जागा मोकळी करता येते, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः रास्त आहे. पण अपात्रांना वगळणे हा राज्यांतर्गत छाननीचा भाग झाला. राज्याराज्यांतील प्रमाण त्याने सुधारत नाही. गरिबी घटली असा केंद्राचा दावा असेल, तर २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहण्या हाताशी आहेत. त्यांच्या आधारे प्रमाण पुन्हा तपासता येईल.

खरी कसोटी नव्या जनगणनेनंतर लागेल. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. ८१ कोटींचा आकडा तसाच ठेवून केवळ नवी वाटणी केली, तर लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचा इष्टांक घटेल आणि उत्तर-दक्षिण वादात आणखी तेल ओतले जाईल. जुनीच वाटणी चालू ठेवली, तर उत्तरेतील नव्या पिढीवर अन्याय होईल. यातून वाट आहे. कोणत्याही राज्याचा सध्याचा इष्टांक कमी करू नये, एकूण संख्या वाढवावी आणि वाढीव वाटा नव्या लोकसंख्येनुसार व नव्या पाहण्यांनुसार द्यावा. २०१३ च्या कायद्यातही ज्या राज्यांचे धान्य घटणार होते, त्यांच्या पूर्वीच्या उचलीला संरक्षण देण्यात आले होते. तेव्हा हा पायंडा नवा नाही.

त्यापुढे जाऊन दरवर्षीच्या अंदाजित लोकसंख्येवर इष्टांक ठरविण्याची तरतूद कायद्यातच करायला हवी. जनगणना लांबली म्हणून भूक थांबत नाही. राज्यांमधील न्याय टक्केवारीत मोजला जाईलही. पण २०११ नंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर चढते की नाही, यावरच त्याची परीक्षा होईल.