शील कोठून येते?

परभणीहून जिंतूरकडे जाताना आमचे बोरी गाव लागते. जून महिना जवळ आला की येथील सुशिक्षित घरांत दरवर्षी एकच चर्चा चालते. मुलास गावातच ठेवावे की परभणीस धाडावे, लातूरची शिकवणी बरी की नांदेडची, ‘नीट’च्या परीक्षेची तयारी कोणत्या इयत्तेपासून करावी आणि या साऱ्याचा खर्च घरातील कोणी किती उचलावा, याचा खल रात्र रात्र होतो. ही चर्चा आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पोटापाण्याचा विचार ज्याने केला नाही, त्याने इतरांस तत्त्वज्ञान सांगू नये. परंतु या चर्चेत एक प्रश्न सहसा निघत नाही. हे शिक्षण पुरे करून परत येणारे आपले अपत्य माणूस म्हणून कसे असावे, हा तो प्रश्न होय. शील हे विद्येबरोबर आपोआप येते, शिवाय शाळेत मूल्यशिक्षणाचा तास आहेच, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासावरून पाहावे, असे आम्हांस वाटते.

आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग लहान नव्हता. शास्त्रीय ग्रंथांची उर्दू भाषांतरे करण्यासाठी तेथे स्वतंत्र भाषांतर-खाते होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु घरी मराठी, तेलुगू अथवा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांस ती भाषा परकीच होती. ज्या घरांनी ती आत्मसात केली, त्यांस वकिली मिळाली, सरकारी हुद्दे मिळाले. त्या घरांस दोष देण्याचे कारण नाही. तथापि शिक्षण म्हणजे हुद्द्याची पायरी, हे समीकरण आपल्याकडे तेव्हापासून रूढ झाले आणि राज्य गेले तरी ते समीकरण गेले नाही.

त्याच काळात दुसऱ्या तऱ्हेच्या शाळाही या मुलखात उभ्या होत्या. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा ही त्यांपैकी एक. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर हे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेले गृहस्थ. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. मनात आणते तर मोठ्या शहरात त्यांस मानाची जागा मिळण्यास अडचण नव्हती. त्यांनी खेडेगावची शाळा पत्करली, पुढे संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ते सर्वांस परिचित झाले. हिप्परग्यानंतर त्यांनी अंबाजोगाईस योगेश्वरी नूतन विद्यालयाचे काम पाहिले. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा शाळा सोडून ते तुरुंगात गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक पुढे त्यांच्या मागोमाग निघाले. त्यांस नीतिपाठ किती शिकविले गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आपले गुरुजी काय सोडून येथे आले आहेत आणि प्रसंग पडताच काय सोडण्यास तयार आहेत, हे मात्र ती मुले रोज पाहत होती.

त्याच वर्षी वंदेमातरम् चळवळ झाली. औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्यास मनाई झाली. मुलांनी गीत सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांस वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. वर्ष फुकट जाणार, शिष्यवृत्ती बुडणार, घरी वडिलांच्या नोकरीवर गदा येण्याचा संभव, हे सारे त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांसमोर उघड होते. निजामाच्या राज्यातील दुसरे कोणतेही दार त्यांस उघडणार नव्हते. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांस आश्रय दिला. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांस प्रवेश देऊन त्यांचे शिक्षण वाचविले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच मुलांपैकी एक.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विद्यार्थ्यांनी विद्येचा त्याग केला नाही. ते नागपुरास गेले, शिकले, पदव्या घेतल्या, वकील व प्राध्यापक झाले. त्यांनी नाकारली ती विद्येस जोडलेली अट. मान खाली घालशील तर पदवी मिळेल, हा सौदा त्यांस मान्य झाला नाही. शिक्षणाचा हेतू काय, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्हांस सापडत नाही. मिळवावयाच्या गोष्टीची किंमत कोठपर्यंत द्यावी आणि कोठे थांबावे, हे ज्यास कळते तो शिकलेला. बाकीच्यांस माहिती झाली आहे, एवढेच म्हणता येईल.

पदवी व विद्या यांतील अंतर दाखविणारे आणखी एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म 1932 साली नांदापूरचा. हिंगोली जिल्हा 1999 साली वेगळा होईपर्यंत हे गाव आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. इंटरच्या परीक्षेत त्यांस वारंवार अपयश आले. आजच्या घरात असा मुलगा असता, तर त्याच्या नावाने घरातील मोठ्यांनी किती उसासे टाकले असते! त्यांचा व्यासंग मात्र अपयशाने थांबला नाही. नांदेडास ते प्रथम शाळेत शिक्षक झाले, पुढे स्वामीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी निर्भीडपणे लिहिले आणि आपल्या मताचे लोक नाराज होतील म्हणून वाक्य मऊ केले नाही. परीक्षेत नापास होण्यापेक्षा स्वतःशी खोटे बोलणे ही मोठी नापासी आहे, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

आता याच मुलखातील अलीकडची गोष्ट पाहा. 2010 च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांतील कॉपी बंद करण्याची मोहीम चालविली. ‘कॉपीमुक्तीचा नांदेड पॅटर्न’ या नावाने तिचा राज्यभर बोलबाला झाला. मोहीम स्तुत्यच होती. परंतु ती काढावी लागली, याचा अर्थ काय? परीक्षेच्या केंद्राबाहेर चिठ्ठ्या घेऊन उभी राहणारी माणसे कोणी परकी नव्हती. ती मुलांची काका-मामा मंडळी होती, थोरले भाऊ होते, कोठे कोठे प्रत्यक्ष जन्मदाते होते. एका पिढीच्या मुलांनी मान ताठ ठेवण्यासाठी हाती आलेले वर्ष सोडले आणि त्यांच्या नातवंडांच्या पिढीस वर्ष मिळवून देण्यासाठी वडील माणसे भिंतीवर चढली. आम्हांस या दोन चित्रांतील अंतर फार अस्वस्थ करते.

यावर कोणी म्हणेल, काळ कठीण आहे. जागा थोड्या, उमेदवार फार. एकट्या आमच्या मुलाने सचोटी पाळून मागे राहावे काय? आक्षेप खोटा नाही. परंतु 1938 साली काळ सोपा होता, असे कोण म्हणेल? शिवाय चिठ्ठीवर उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हाती केवळ गुण पडत नाहीत. आपल्या कष्टांवर आपल्याच घरच्यांचा विश्वास नाही, हेही त्यास त्याच दिवशी कळते. ही जखम गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ती नाही असे समजू नये.

तेव्हा शील कोठून येते, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, मुलाच्या डोळ्यांसमोर मोठी माणसे कशासाठी किती तोटा सोसतात, त्यावरून ते येते. एकत्र कुटुंबात हे अधिकच खरे आहे, कारण तेथे पाहणारे डोळेही पुष्कळ आणि पाहण्यासारखे प्रसंगही पुष्कळ. वाटणीच्या वेळी थोरल्याने विहिरीजवळचे रान स्वतःकडे ठेवले की धाकट्यास दिले, हे घरातील पोरे बरोबर लक्षात ठेवतात. विधवा आत्याचा हिस्सा कागदावर आला की नाही, वाण्याची उधारी मागण्यापूर्वी फिटली की नाही, शेतावरच्या सालगड्याशी बोलताना आवाज कसा होता, दारी आलेल्या माणसास ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगण्यासाठी मुलालाच धाडले की काय, हे सारे धडे वेळापत्रकाबाहेर चाललेले असतात. मूल्यशिक्षणाचा तास आठवड्यातून थोडा वेळ असतो. घरातील हा वर्ग सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला असतो आणि त्यास सुट्टीही नसते.

शिकवणी अवश्य लावावी, चांगली शाळा अवश्य पाहावी. मात्र यंदा प्रवेशाचा विचार करण्यास घरातील मंडळी एकत्र बसतील, तेव्हा मुलास समोर बसवून वडील माणसाने एक गोष्ट स्पष्ट सांगावी: तू जितके गुण मिळवशील तितके आम्हांस पुरतील, त्याहून एकही गुण आम्ही तुझ्यासाठी विकत घेणार नाही, मागणार नाही, आणि कमी पडले तर तुला बोलही लावणार नाही. हे बोलणे सोपे आहे. निकालाच्या दिवशी ते पाळणे कठीण आहे. परंतु त्या दिवशी ते पाळले गेले, तर आमच्या वाचकांच्या घरी मुलाच्या शिक्षणाचा खरा आरंभ झाला, असे आम्ही म्हणू.