राखणीचा कुत्रा: शूर कीं भेदरलेला?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत, आमच्या निमगांव सावा गांवच्या शिवारांत, वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारीं कुत्रा नाहीं असें क्वचितच आढळेल. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, पाटाला पाणी आलें, पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या आला. गोठा घरापासून चार पावलांवर असला तरी रात्रीं तिकडे जातांना हातांत बॅटरी आणि पुढें कुत्रा असावा, असें आतां प्रत्येकास वाटतें. बैल कसा निवडावा, गाय कशी पारखावी, यांवर आपण पुष्कळ लिहितों व बोलतों. परंतु ज्याच्या भरंवशावर ती गाय बांधून आपण झोंपतों, त्या कुत्र्याच्या पारखीविषयींचे आपले विचार फारच तोकडे आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, अशी आशा आहे.

कुत्र्याची पारख करतांना आपण एकच प्रश्न विचारतों, "तिखट आहे कां?" सहा-सात महिन्यांचा कुत्रा साखळीच्या टोंकाला येऊन उड्या मारूं लागला, आल्यागेल्यावर दांत विचकूं लागला, कीं मालकाला धन्यता वाटते. कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला मिरच्या चाराव्या, अंधारांत कोंडावा, पोरांकरवीं डिवचवावा, असे उपायही आपल्याकडे सांगितले जातात. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, तरुण कुत्र्यांत आपण ज्याला तिखटपणा म्हणतों तो बहुधा भित्रेपणा असतो. आणि असा कुत्रा राखणीस निरुपयोगी असून घरच्या व कामावरच्या माणसांस मात्र घातक असतो.

हें मत केवळ पुस्तकें वाचून बनलेलें नाहीं. त्याची किंमत दुसऱ्याच्या लेंकरानें दिलेली आहे. माझ्याकडे खंड्या नांवाचा कुत्रा आहे. दीड महिन्याचा असतां त्याला आणला आणि त्याच दिवशीं गोठ्याजवळच्या लिंबाला बांधला. येणारीं-जाणारीं पोरें त्याला ढेंकळें मारीत. मी त्यांना दटावलें नाहीं. उलट त्यामुळें कुत्रा तयार होईल, असें मला वाटे. आठव्या महिन्यांत तो इतका भुंकूं लागला कीं शेजारी त्याची वाखाणणी करूं लागले. त्या हंगामांत कांद्याच्या लागणीला आलेल्या एका बाईची पांच-सहा वर्षांची मुलगी पाणी प्यायला हौदाकडे गेली. खंड्या प्रथम मागें सरला. मुलगी परत जाण्यासाठीं वळली, तोंच त्यानें झेंप घेऊन तिची पोटरी धरली. मुलीला ताबडतोब दवाखान्यांत नेलें, लशीच्या सर्व सुया वेळच्या वेळीं झाल्या, जखमही भरली. पण तिची आई मला म्हणाली, "कुत्रा तर बांधलेलाच होता, पाटील, मीच पोरीला सांगायला हवं होतं." चूक माझी होती, दोष तिनें आपल्या पदरांत घेतला, कारण दुसऱ्या दिवशीं तिला पुन्हां माझ्याच कामावर यायचें होतें. तें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं.

या प्रकारानंतर मी साखळी काढून खंड्यास तारेच्या कुंपणाच्या आंत मोकळा ठेवला. महिन्याच्या आंत एके रात्रीं बिबट्या आला आणि गोठ्याची मागची ताटी मोडून शेळी घेऊन गेला. कुत्र्यानें बिबट्याशीं झुंजावें अशी माझी अपेक्षा नव्हती; पण त्यानें आवाज द्यावा, एवढी होती. तो भुंकलाही नाहीं. सकाळीं ट्रॉलीखालीं चाकाला अंग चिकटवून बसलेला सांपडला. पुढें रानांत मेंढ्या बसविण्यासाठीं आलेल्या एका वृद्ध धनगरानें त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलें आणि म्हटलें, "पाटील, ह्यो राखत न्हाई. ह्यो सोताला राखतोय." माझा सगळा विषय त्या एका वाक्यांत आला आहे.

राखणदार कुत्रा व भेदरलेला कुत्रा यांतील भेद डोळ्यांनीं ओळखतां येतो. मात्र त्यासाठीं भुंकण्याच्या जोरापेक्षां अंगाच्या ठेवणीकडे लक्ष दिलें पाहिजे. राखणदार कुत्रा परका माणूस दिसतांच जनावरें व तो माणूस यांच्यामध्यें जाऊन उभा राहतो. त्याचा भार पुढच्या पायांवर असतो, मान ताठ व शेंपूट वर असते. आवाज खोल असून थांबून थांबून येतो, आणि मालक आला कीं नाहीं हें तो मधूनमधून मागें वळून पाहतो. परका जागींच थांबला तर तोही पुढें जात नाहीं. मालकानें "असूं दे" म्हटलें कीं थोडें गुरगुरून बाजूला होतो, पण नजर काढीत नाहीं. त्याचें चित्त ठिकाणावर असतें. पाहुणा निघून गेला कीं तो लगेच पूर्ववत् होतो.

भेदरलेल्या कुत्र्याचा भार मागच्या पायांवर असतो. शेंपूट पोटाखालीं, कान मागें चिकटलेले, ओंठांचे कोपरे मागें ओढलेले आणि डोळ्यांचा पांढरा भाग उघडा दिसतो. आवाज चिरका व अखंड असतो. तो पुढें धांवतो आणि तितक्याच वेगानें मागें सरतो. समोरून येणाऱ्याला तो सहसा धरीत नाहीं. पाठ फिरली कीं टांच किंवा पोटरी धरतो. वाट मोकळी मिळाली तर तो गोठ्याकडे न जातां आडोसा गांठतो. साखळीला बांधला असेल किंवा कोपऱ्यांत सांपडला असेल, तेव्हां मात्र तो सर्वांत अधिक चवताळतो, कारण पळण्याची वाट नसली म्हणजे भ्यालेल्या जिवाला चावण्यावांचून दुसरा मार्ग दिसत नाहीं. माणूस गेल्यावरही बराच वेळ तो धापा टाकीत येरझारा घालतो आणि पुढ्यांतल्या भाकरीला शिवत नाहीं. पाठीवरचे केंस उभे राहणें ही खूण दोघांतही आढळते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबूं नये.

वयाचाही विचार केला पाहिजे. राखणीची वृत्ति साधारणतः दीड-दोन वर्षांच्या सुमारास पक्व होते. पांच-सहा महिन्यांचें पिल्लूं प्रत्येक माणसावर धांवून जात असेल, तर तें शूर असण्यापेक्षां भ्यालेलें असण्याचा संभव अधिक, हें ओळखून असावें.

ही भीति येते कोठून? कांहीं अंशीं ती वंशांतून येते. म्हणून पिल्लूं आणण्यापूर्वी त्याची आई माणसांत कशी वागते तें पाहावें. पण पुष्कळ अंशीं ती आपण स्वतःच निर्माण करतों. १९६१ सालीं फ्रीडमन, किंग व इलियट या अमेरिकन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनीं कुत्र्याचीं पिल्लें उंच कुंपणाच्या आवारांत माणसाच्या सहवासावांचून वाढविलीं आणि निरनिराळ्या वयांत त्यांपैकीं कांहींना थोडे दिवस माणसांत आणलें. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटला नाहीं, तीं पुढें माणसाला जवळही येऊं देईनात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लानें जगाची ओळख करून घेण्याचा काळ होय. या काळांत जें शांतपणें पाहिलें तें त्याला आपलें वाटतें. जें पाहिलें नाहीं तें पुढें भयंकर वाटतें. आणि नेमक्या याच काळांत आपण त्याला एका झाडाला बांधून ठेवतों. वाफसा असतांना पेरावयाचें नाहीं आणि मागाहून पीक आलें नाहीं म्हणून बियाण्याला दोष द्यावयाचा, त्यांतलाच हा प्रकार आहे.

धनगराच्या वाड्यावर याच्या उलट घडतें. तेथें पिल्लूं कोंकरांच्या उबेला झोंपतें. बायका, लेंकरें, घोडीं, रस्त्यावरच्या मोटारी, बाजार, रोज नवें रान आणि नवीं माणसें, हें सर्व पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्याच्या डोळ्यांखालून जातें. म्हणून तें मोठें झाल्यावर वाटसरूला उगाच भीत नाहीं; आणि भीत नाहीं म्हणूनच वेळ आली कीं उभें राहूं शकतें. रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्यानें १९७० नंतरच्या दशकांत मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. चांगल्या राखणदाराचे तीन गुण त्यांनीं सांगितले आहेत: कळपाकडे लक्ष असणें, कळपाला इजा न करणें आणि संकट आल्यास रक्षण करणें. या तिन्हींत चावरेपणाला स्थान नाहीं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, भित्रा असला तरी कुत्रा भुंकतो ना? चोराला त्याच्या मनांतलें काय कळतें? परंतु जो पानाच्या सळसळीवर व टपालवाल्यावर सारखाच भुंकतो, त्याच्या भुंकण्याला मालकच उठेनासा होतो. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण मुलांना सांगतों, ती येथेंही लागू आहे. दुसरा आक्षेप असा कीं, पिल्लाला सर्वांची ओळख करून दिली तर तें चोरापुढेंही शेंपूट हलवील. अनुभव तसा नाहीं. ज्याला नेहमींचें काय हें ठाऊक आहे, त्यालाच नेहमींपेक्षां निराळें काय हें ओळखतां येतें. ज्याला सारेंच परकें, त्याला चोर आणि पाहुणा यांत भेद दिसणार कसा?

बिबट्याच्या बाबतींत तर आपला गैरसमज फारच महागांत पडतो. आपल्या तालुक्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या खाद्याचा अभ्यास केला. त्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. शेळ्यांचा वांटा ११ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी म्हणून उघड्यावर बांधतों, तोच बिबट्याचें मोठें भक्ष्य आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळतां येत नाहीं आणि लढतांही येत नाहीं. तो पहारेकरी नसून आमिष ठरतो. कुत्र्याचें काम सूचना देण्याचें आहे. रात्रीं त्याला जनावरांबरोबर बंदिस्त गोठ्यांतच ठेवावा; तेथून त्याचा आवाज घरापर्यंत पोंचतो आणि त्याचाही जीव वांचतो.

आतां करावें काय? पिल्लूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. आणल्यावर त्याला करडांच्या सोबतीनें वाढवावें. रोज थोडा वेळ मजूर, लहान मुलें, ट्रॅक्टर, पाहुणे यांच्या जवळपास, त्याला झेंपेल इतक्याच अंतरावर, न्यावें. मुलांना त्याला डिवचूं देऊं नये. तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस टोंचून घ्यावी आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती दर वर्षीं चालू ठेवावी. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारूं नये. गुरगुरणें ही त्यानें दिलेली नोटीस आहे. मारून ती बंद केली तर तो पुढें नोटीस न देतांच चावेल.

कुत्रा आधींच भेदरलेला असेल तर त्याच्याकडून राखणीची अपेक्षा सोडावी. त्याला पायवाटेवर बांधूं नये. माणसें येण्याच्या वेळीं त्याला आंत ठेवावा आणि बाहेर न्यावयाचा झाल्यास मुसकें घालावें. परका माणूस दूर असतांना भाकरीचा तुकडा टाकावा आणि अंतर आठवड्या-आठवड्यानें कमी करावें. जबरदस्तीनें माणसाजवळ ओढूं नये. शांत कुत्रा एकाएकीं बिथरला तर दुखणें, जखम किंवा रेबीज यांचा संशय धरून त्याच्यापासून दूर राहावें व पशुवैद्यास बोलवावें. कोणास कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, तीवर चुना किंवा तिखट भरूं नये आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें.

खंड्यावर मी हेच उपाय केले. दीड वर्षानंतर तो पाहुण्यापासून दहा हातांवर शांत बसतो. तो राखणदार झाला नाहीं, होणारही नाहीं. पण कोणास चावत नाहीं. गोठ्यांत आतां दुसरें, करडांत वाढलेलें कुत्रें आहे.

पाळलेल्या जनावरापासून इतरांस इजा होऊं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणें हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ अन्वयें गुन्हा आहे. पण कायद्याच्या भयापेक्षां आपल्या रानांत राबणाऱ्या माणसांची चाड हें कारण अधिक मोठें मानावें. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या कीं त्यांचीं लेंकरें पाण्यासाठीं, सरपणासाठीं आपल्याच दारावरून जातात. बागायतदाराचा कुत्रा चावला म्हणून तक्रार करण्याचें बळ त्या आईबापांत नसतें. तेव्हां आपल्या संस्थेनें दर वर्षीं ऊसतोडीपूर्वी वस्तीवस्तीवरील कुत्र्यांना लस टोंचण्याचा एक दिवस ठरवावा, आणि त्याच दिवशीं प्रत्येक सभासदानें आपला कुत्रा कोठें बांधला आहे व तो कां भुंकतो, हें एकदां नीट पाहावें, अशी माझी सूचना आहे. तो गोठा राखतो कीं स्वतःला राखतो, एवढें जरी कळलें तरी पुष्कळ अनर्थ टळतील.